पाणी घालायला कोण?

(दृश्य : पहाट. मोकळं मैदान, चुन्याच्या फकीने आखलेले गोल.)

अजून पुरतं उजाडलेलं नाही. मैदानावर चुन्याचे पांढरे गोल तेवढे दिसतायत. प्रत्येक गोलाच्या मधोमध एक खुंटी आणि खुंटीवर आकडा. तासाभरात इथे झाडं लावायला माणसं येतील, कुदळी वाजायला लागतील. पण या कामाची सुरुवात तीन महिने आधीच झाली होती, एका वहीत.

(दृश्य : वहीचं पान, जवळून.)

ही ती वही. डावीकडे खड्ड्याचा क्रमांक, मग रोपाचं नाव आणि पुढे तीन रकाने : पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. प्रत्येक रकान्यात एका घराचं नाव. पाणी घालायला कोण, हे ज्या ओळीत लिहिलेलं नाही, त्या ओळीचा खड्डा खणायचाच नाही, असं पहिल्या बैठकीत ठरलं. सुरुवातीची यादी बरीच लांब होती. दारोदार फिरून नावं विचारली तशी ती आखडत गेली आणि 40 वर थांबली. कुणाला ती तोकडी वाटली. आम्हाला नाही वाटली.

(दृश्य : मैदानाचा नकाशा, त्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा.)

या लाल रेघा जमिनीखालून जाणाऱ्या नळांच्या आणि केबलच्या. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा निळ्या रेघांनी दाखवल्यात. तारेखाली उंच वाढणारं झाड लावलं, की काही वर्षांनी त्याचा शेंडा छाटला जाणार हे ठरलेलंच. म्हणून जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी लेखी घेतली आणि नकाशा हातात घेऊन सगळं मैदान पायांखालून घातलं.

(दृश्य : पाण्याने भरलेला खड्डा.)

या कोपऱ्यात एक खड्डा खणून पाण्याने भरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी जवळजवळ तेवढंच. अशा जमिनीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. इथले तीन गोल पुसून वरच्या अंगाला सरकवले. एका खड्ड्याने आणि दोन बादल्या पाण्याने तीन रोपं वाचतात, म्हणून ही परीक्षा कुणी टाळू नये.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

लोकांनी एका दिवशी जमून झाडं लावायची, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात 10 एप्रिल 1872 रोजी पहिला वृक्षदिन झाला. भारतात कन्हैयालाल मुन्शी यांनी 1950 मध्ये वनमहोत्सवाला राष्ट्रीय रूप दिलं. आमची वही मात्र केनियातल्या कामाच्या जास्त जवळची. 1977 साली वांगारी मथाई यांनी तिथे हरित पट्टा चळवळ उभी केली. गावोगावच्या बायकांनी स्वतःच्या रोपवाटिका केल्या, आपापल्या भागात झाडं लावली. त्यांना थोडा मोबदला मिळे आणि तो जगलेल्या रोपांवर ठरे. मथाई यांना 2004 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, हे सगळ्यांना माहीत असतं. आम्हाला तो मोबदल्याचा नियम जास्त शिकवून गेला.

(दृश्य : माणसं येतायत. हातमोजे, फावडी, घमेली.)

आता मैदान भरलंय. चार-चार जणांचा गट. प्रत्येक गटात आधी हे काम केलेलं एक माणूस, निदान एक तरणा गडी आणि उरलेले कुणीही. पण अजून कुणी कुदळ उचललेली नाही. आधी सगळे पहिल्या खड्ड्याभोवती गोल उभे राहतात आणि काका एक रोप लावून दाखवतात.

(दृश्य : हात, पिशवी, मुळं. जवळून, सावकाश.)

बघा, ते रोपाला खोडाला धरून उचलत नाहीत. खालून मातीच्या गोळ्याला आधार देतात. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढतात. घाईगर्दीत पिशवीसकट लावलेली रोपं आम्ही उकरून पाहिली आहेत. मुळं आतल्या आत गुंडाळत राहतात.

या गोळ्याच्या कडेला मुळांचा वेढा दिसतोय. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची ही खूण. काका बोटांनी ती मुळं मोकळी करतात आणि फारच आवळलेलं एखादं कात्रीने कापतात. पोरं दचकतात. पण तो वेढा तसाच राहिला तर मूळ जाड होत जातं आणि पुढे बुंध्यालाच फास बसतो.

खड्डा किती? गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, आणि खोल गोळ्याइतकाच. झाडाची अन्नपाणी शोषणारी बरीचशी मुळं वरच्या थरात, आडवी पसरतात. त्यांना बाजूची भुसभुशीत माती लागते. फार खोल खणलं, की रोप पुढे मातीबरोबर खाली बसतं.

आता ही जागा नीट बघा. खोड जिथे किंचित रुंद होऊन मुळांकडे वळतं ती. काका तिथे बोट ठेवतात आणि खड्ड्यावर आडवी काठी टाकतात. बोट काठीच्या जरासं वर. माती भरतानाही ते बोट तिथून हलत नाही. ही जागा गाडली गेली, तर साल ओली राहते, सडते, आणि रोप का वाळलं हे कुणालाच कळत नाही.

(दृश्य : मुलं घमेल्यांतून पालापाचोळा आणतायत.)

मग माती, हाताने दाबलेली. नाचून तुडवलेली नाही. भोवती आळं. आळ्यात चार बोटं जाडीचा पालापाचोळा, पण बुंध्यापासून वीतभर लांब. हे काम मुलांचं, आणि ती ते फार मनापासून करतात. काठी लागतेच असं नाही. वारा जास्त असेल तिथेच लावायची, आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकाराची, सैल. खोड थोडं हललं पाहिजे, त्यानेच ते जाड होतं.

(दृश्य : मैदानभर एकाच वेळी काम. आवाज तसाच राहू द्यावा.)

(दृश्य : दुपार. रिकामी घमेली, 40 रोपं.)

ऊन चढायच्या आत काम आटोपलं. सावली, पाखरं, मुरणारं पाणी, ते सगळं यथावकाश येईल.

(दृश्य : पुन्हा वही.)

घरी जाण्याआधी प्रत्येक जण या टेबलापाशी थांबतो. आपला क्रमांक, आपला वार पाहतो आणि पुढे सही करतो. गावाला जायचं असेल तर बदली माणूस आपणच शोधायचा, हेही इथेच लिहिलंय. एक आजी सही करत नाहीत, अंगठा उठवतात आणि विचारतात, ‘‘सतरा नंबर कुठं आहे, परत एकदा दाखव रे.’’ पोरगा त्यांना हाताला धरून खुंटीपर्यंत नेतो.

(दृश्य : संध्याकाळ. सतरावं आळं.)

हा त्यानंतरचा पाचवा दिवस. आजी बादली जमिनीवर टेकवतात आणि पालापाचोळा बाजूला सारून बोट मातीत खुपसतात. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं. मग तांब्या-तांब्याने, आळ्याच्या कडेकडेने पाणी. थांबतात. पाणी आत जाऊ देतात. पुन्हा एक तांब्या.