गुरूची असहमती, शिष्याचं पुस्तक

श्रोतेहो, नमस्कार.

1923 साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेनं रुपयावरचं एक पुस्तक काढलं. लेखक होते नुकतीच तिशी ओलांडलेले भीमराव रामजी आंबेडकर. प्रस्तावना होती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांची. प्रस्तावनेत लेखकाचं कौतुक असायचं, अशी आपल्याला सवय आहे. कॅनन मात्र पहिल्या एकदोन वाक्यांतच सांगून टाकतात की या पुस्तकातल्या टीकेपैकी बरीचशी मला पटलेली नाही, आणि हे लेखकालाही माहीत आहे. पुढे ते म्हणतात, की जिथं हा माणूस मला चुकीचा वाटला, तिथंही त्याच्या विचारांत आणि कारणांत मला एक चेतवणारा ताजेपणा दिसला. शेवटी आणखी एक गोष्ट ते मान्य करतात. वाटेतले बहुतेक युक्तिवाद पटले नसले, तरी व्यवहारात काय करावं याबद्दलचा आंबेडकरांचा निष्कर्ष बहुधा बरोबर आहे.

उच्च शिक्षणातल्या मोकळ्या चिकित्सेबद्दल बोलायचं, तर मला या प्रस्तावनेपासूनच सुरुवात करावीशी वाटते. विद्यापीठ कशासाठी असतं, हे त्या दोनतीन पानांत मला जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही धोरणाच्या मसुद्यात दिसलेलं नाही.

वाद कशाचा होता, तेही थोडक्यात सांगतो. आपला रुपया तेव्हा चांदीचा होता, पण त्याची किंमत पौंडामार्फत सोन्याशी बांधलेली होती. या सुवर्ण विनिमय पद्धतीचं जोरदार समर्थन करणारं पुस्तक ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1913 साली लिहिलं होतं. केन्स इंडिया ऑफिसात, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्यात काम केलेले आणि भारतीय चलनाचे जाणकार म्हणून मान मिळवलेले. आंबेडकरांचं म्हणणं त्यांच्या उलट होतं. या पद्धतीत हवे तितके रुपये पाडायची मोकळीक सरकारला मिळते, रुपये वाढले की भाव चढतात, आणि मजुरी काही त्याच वेगानं चढत नाही. पौंडाशी दर स्थिर राहिला तरी बाजारात रुपयाची खरेदीशक्ती घटत गेली, तर त्या स्थैर्याचा सामान्य माणसाला उपयोग काय? लंडनमध्ये बसून, लंडनच्याच मान्यवराविरुद्ध, वसाहतीतून आलेला एक विद्यार्थी हे मांडत होता.

हे सगळं सुरळीत पार पडलं असंही नाही. हे पुस्तक म्हणजे मुळात आंबेडकरांचा लंडनमधला प्रबंध. परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा सादर करायला सांगितलं. बाबासाहेबांना तोवर भारतात परतावं लागलं होतं. त्यांनी इथूनच तो नव्यानं पाठवला आणि मग त्यांना डी.एस्सी. मिळाली. पुस्तकाच्या मनोगतात ते कॅनन यांचे मनापासून आभार मानतात, पण शब्द नीट तोलून वापरतात. माझ्या मतांची जबाबदारी त्यांच्यावर नाही, तरी माझ्या तात्त्विक मांडणीची त्यांनी जी कठोर तपासणी केली तिनं मला अनेक चुकांपासून वाचवलं, असं ते लिहितात. मला हा 'कठोर' शब्द महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्याला मोकळीक देणं म्हणजे त्याच्या मनाला येईल ते चालवून घेणं, असा अर्थ कॅनन यांनी काढला नाही. त्यांनी प्रत्येक युक्तिवाद घासून पाहिला, पटला नाही तिथं तसं सांगितलं, आणि तरीही तो युक्तिवाद करण्याचा शिष्याचा हक्क आपल्या नावानिशी छापून दिला.

आता थोडं मागं जाऊ. मे 1916, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. रिस्ले, नेसफिल्ड, सेनार्ट या त्या काळच्या नामवंतांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढे ज्ञानकोशकार झालेले, त्यांचंही जातिसंस्थेवरचं पुस्तक त्यात आलं. केतकरांच्या मांडणीला आदरानं मान देऊन आंबेडकरांनी तिच्यातलं न्यून दाखवलं. आणि निबंधाच्या शेवटी ते म्हणाले, की जातीचा सिद्धान्त मांडण्याची माझी महत्त्वाकांक्षा आहे खरी, पण तो टिकणारा नाही असं कुणी दाखवून दिलं, तर तितक्याच तयारीनं मी तो सोडून देईन.

कुणी म्हटलं हे, याचा विचार करा. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा असूनही ज्याला ते शिकू दिलं नाही आणि फारसी घ्यावी लागली, तो विद्यार्थी हे बोलतोय. जातीचा चटका ज्यानं स्वतः सोसला, तोच जातीबद्दलचं आपलं मत तपासायला सगळ्यांपुढे ठेवतोय. दोन वर्षांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणणारे सहकारी तिथं होतेच. विचारांची विविधता म्हणतो तेव्हा आपण बहुतेक वेळा मतांची यादी डोळ्यांपुढे आणतो. त्याच्याही आधी, वर्गात बसायला कुणाला मिळतं आणि बसल्यावर बोलायची हिंमत कुणाला होते, हे पाहायला हवं. ज्या वर्गात सगळे एकाच थरातून आलेले असतात, तिथं कित्येक प्रश्न कुणाला सुचतच नाहीत.

आणि 1936 सालचं लाहोर. जातपात तोडक मंडळानं आंबेडकरांना अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं, आणि भाषणाचा मजकूर वाचल्यावर त्यातले काही भाग गाळा म्हणून आग्रह धरला. स्वल्पविरामही बदलणार नाही, असं त्यांनी कळवलं. अधिवेशनच रद्द झालं. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं, पंधराशे प्रती, किंमत आठ आणे, आणि दोनच महिन्यांत त्या संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. किमतीबद्दलही बोलले, आठ आणे जास्त आहेत म्हणाले. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची टीका त्यातच छापली आणि तिला आपलं उत्तर जोडलं. ज्यांनी आपल्याला व्यासपीठ नाकारलं त्यांच्यासारखं वागायचं त्यांनी नाकारलं. वाचकाला दोन्ही बाजू एकाच पुस्तकात मिळाल्या.

श्रोतेहो, आज आपल्या महाविद्यालयांत हे कितपत घडतं? वादविवाद स्पर्धा पुष्कळ होतात. करंडकही ठेवलेले असतात. पण स्पर्धेत बाजू वाटून दिलेली असते. मुलगी अनुकूल बोलते किंवा प्रतिकूल, आणि टाळ्या घेऊन घरी जाते. दुसऱ्या दिवशी वर्गात सर जे सांगतात त्यावर 'सर, मला हे पटत नाही' म्हणायची वेळ आली, की तीच मुलगी गप्प बसते. अंतर्गत गुण सरांच्या हातात असतात. पीएच.डी. करणाऱ्याला तर गाईडचं मत खोडणारं प्रकरण लिहिण्यापेक्षा विषय बदललेला परवडतो. व्हायवाला बाहेरचे परीक्षक येतात, दोनचार नेहमीचे प्रश्न होतात, सत्कार होतो, जेवण होतं. कॅनन यांनी केली तशी तपासणी झाली का, हे कुणी विचारत नाही.

दोष एकट्या विद्यार्थ्यांचा किंवा एकट्या शिक्षकांचा नाही, हेही मी आग्रहानं सांगेन. आज कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात. तासामागे मानधन, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही ठाऊक नाही. अशा माणसानं वादाचा विषय वर्गात काढावा कशाच्या बळावर? मागच्या बाकावरून कुणी मोबाइलवर अर्धं वाक्य टिपतं, संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरतं, आणि संस्थाचालकांचा फोन येतो. मग शिक्षक वादाचा धडा झटपट उरकतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. चिकित्सेचं स्वातंत्र्य हवं असेल, तर शिक्षकांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्या लागतील. मोकळ्या विचारांच्या गप्पांत हा साधा मुद्दा नेहमी मागं पडतो, आणि मला तो सगळ्यांत तातडीचा वाटतो.

जे बदलायला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही, तेही पुष्कळ आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या अर्थशास्त्राच्या वर्गात केन्स यांचं एक प्रकरण आणि त्याच प्रश्नावरचं आंबेडकरांचं एक प्रकरण शेजारीशेजारी ठेवून वाचता येईल. विद्यार्थ्यांना आधी केन्स यांची बाजू अशी मांडायला लावावी, की स्वतः केन्स असते तर 'हो, मला हेच म्हणायचं होतं' म्हणाले असते. मग बाबासाहेबांची बाजू तशीच. त्यानंतर ज्याचं त्यानं आपलं मत लिहावं आणि कुठला पुरावा मिळाला तर ते बदलेल, हेही लिहावं. गुण युक्तिवादाला द्यावेत, बाजूला नव्हेत. बाबासाहेबांशी एखाद्या मुद्द्यावर असहमत होणाऱ्या मुलालाही, त्यानं नीट वाचून कारणं दिली असतील, तर पूर्ण गुण मिळायला हवेत.

त्यासाठीचं साहित्य हाताशी आहे. बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनानं 1979 पासून काढले. कोलंबियातला निबंध आणि लाहोरचं न झालेलं भाषण, गांधीजींच्या टीकेसह, पहिल्या खंडात आहे. रुपयावरचं पुस्तक कॅनन यांच्या प्रस्तावनेसकट सहाव्या खंडात आहे. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते नसतील, तर या सत्राच्या खरेदीच्या यादीत त्यांची नावं घालायला सांगा.

नमस्कार.