आज हा नेहमीसारखा नाही

(दृश्य: वाटी, चमचा, एका बाईचे हात. मुलाचा चेहरा चौकटीबाहेर.)

हा माहितीपट अनाथालयांत वाढणाऱ्या आजारी आणि अपंग मुलांचा आहे, पण यात एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही. चेहरा दाखवायला परवानगी लागते, आणि या मुलांच्या वतीनं हो किंवा नाही म्हणणारं घरचं कुणी नाही. संस्थेची सही कागदोपत्री चालली असती, पण आम्हाला ती पुरेशी वाटली नाही. म्हणून तुम्हाला हात दिसतील. तसंही या कामात हातांचाच वाटा मोठा आहे.

जेवणाची वेळ झाली आहे. मुलगा सात वर्षांचा आहे, पण वजन जेमतेम चार वर्षांच्या मुलाइतकं. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूची वाढ होत असतानाच त्याला इजा झाली. ही इजा पुढे वाढत नाही, पण स्नायूंवरचा ताबा जातो. गिळणं हेसुद्धा स्नायूंचंच काम. त्यामुळे घास मागे सरकण्याऐवजी जीभ तो बाहेर लोटते.

मावशी, म्हणजे संस्थेत मुलांना सांभाळणाऱ्या बाई, आधी त्याला नीट बसवतात. कंबर मागे सरकवलेली, पाठ टेकलेली, पावलं फळीवर. मान किंचित पुढे आणि हनुवटी जराशी खाली. मान मागे कलंडली की श्वासनलिकेचं तोंड उघडं पडतं. चमचा समोरून, खालच्या अंगानं येतो. वरून आला तर तो बघायला मूल मान वर करणार, आणि घास भलत्या नळीत जाणार. अर्धा चमचा द्यायचा आणि थांबायचं. गळ्याकडे बघायचं. एकदा गिळलं, तोंडात राहिलेलं पुन्हा गिळलं, मगच पुढचा घास. वाटी संपायला चाळीस मिनिटं लागतात. त्यानंतर अर्धा तास त्याला तसंच बसवून ठेवायचं.

आता हिशेब करा. एका मावशीकडे अशी सहा मुलं असली, तर एका जेवणाला चार तास. दिवसाची तीन जेवणं धरली तर बारा तास. औषधं, आंघोळी, कपडे, व्यायाम अजून बाकीच आहेत. हिशेब बसत नाही म्हणून तो बसवला जातो. मुलाला आडवं ठेवायचं, अन्न पाण्यासारखं पातळ करायचं, आणि भराभर भरवून मोकळं व्हायचं. यात कुणी दुष्ट असावं लागत नाही. अशा घाईत अन्न फुप्फुसात उतरतं, आणि पुष्कळदा मूल खोकतसुद्धा नाही. कळतं ते दोन दिवसांनी, ताप चढल्यावर. मृत्यूच्या दाखल्यावर न्युमोनिया असं लिहिलं जातं. घाई लिहायला त्यावर रकाना नसतो.

(दृश्य: दवाखान्याची खोली. टेबलावर पातळशी फाइल.)

मुलाला दवाखान्यात आणलं की डॉक्टर पहिल्या काही मिनिटांत विचारतात, "नेहमीपेक्षा वेगळं काय वाटतंय?" हा प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर द्यायला 'नेहमी' माहीत असलेलं माणूस समोर हवं.

एक उदाहरण घेऊ. डोक्यात पाणी साठणाऱ्या, म्हणजे हायड्रोसेफॅलस असलेल्या मुलाला शंट बसवतात. ही एक बारीक नळी असते. मेंदूतलं जादा पाणी ती त्वचेखालून थेट पोटात सोडते. नळी आयुष्यभर सांभाळावी लागते, कारण ती कधीही तुंबू शकते. तुंबल्याची लक्षणं काय? उलटी, चिडचिड, गुंगी. बोलता येणारं मूल डोकं दुखतंय म्हणेल. न बोलणारं मूल फक्त जास्त झोपेल. आणि तीस मुलांच्या खोलीत जास्त झोपणारं मूल कुणाला खटकत नाही. उलट सगळ्यांना बरंच वाटतं. पण रोज सकाळी त्याचं तोंड पुसणारी बाई म्हणते, "आज हा नेहमीसारखा नाही. पुसताना मान फिरवतो, आज फिरवली नाही." एवढ्या वाक्यावर तो वेळेत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचू शकतो.

घरच्या मुलाची अशी स्मृती आईबापांकडे असते. कुठलं औषध घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं, पहिली फिट कधी आली, घराण्यात आणखी कुणाला येत होती का, हे सगळं. सोडून दिलेल्या मुलाच्या फाइलमध्ये या जागा कोऱ्या असतात. कधीकधी जन्मतारीखही नसते. मग दात आणि मनगटाचा एक्स-रे पाहून वयाचा अंदाज बांधतात. लसींची नोंद नसेल तर लस दिलेलीच नाही असं धरून पुन्हा सुरुवात करतात. म्हणजे सुरुवातीची वर्षं विज्ञानालाही अंदाजानंच भरून काढावी लागतात.

वेदनेचंही तेच. बोलू न शकणाऱ्या मुलाची वेदना मोजायला फ्लॅक नावाची एक पट्टी वापरतात. ती 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं अशा पाच बाबींना शून्य ते दोन गुण द्यायचे. मेंदूला इजा असलेल्या मुलांसाठी ती तोकडी पडते. ज्याचे पाय कायमच ताठ, त्याच्या ताठ पायांवरून काय समजायचं? म्हणून 2006 मध्ये ती सुधारली. त्या मुलाची दुखण्याची स्वतःची अशी काही खूण असेल, तर ती पालकांनी सांगायची आणि पट्टीत जोडायची. कुणी दुखलं की हसतं, कुणी श्वास रोखून धरतं. सुधारणा उत्तमच आहे. पण ज्याला पालकच नाहीत, त्याची खूण कोण सांगणार?

(दृश्य: जुन्या वसतिगृहाचा रिकामा व्हरांडा. पांढऱ्या खाटांची रांग.)

मुलं सांभाळणाऱ्या माणसानं फरक पडतो, हे सिद्ध करायला अभ्यास कशाला हवेत, असं वाटेल. पण संस्था चालवणाऱ्यांना बराच काळ स्वच्छता, दूध आणि डॉक्टर एवढं पुरेसं वाटत होतं. रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकानं 1940 च्या दशकात दोन जागांमधली बाळं पाहिली. एका जागी तुरुंगातल्या स्त्रिया आपापल्या बाळांना स्वतः सांभाळत होत्या. दुसरीकडे अनाथालयात एकेका परिचारिकेकडे आठ-आठ बाळं होती. संसर्ग होऊ नये म्हणून खाटांना चादरी बांधलेल्या, त्यामुळे बाळाला दिसायचं ते फक्त छत. अनाथालयातल्या 91 बाळांपैकी 34 दोन वर्षांत दगावली. तुरुंगातलं एकही नाही.

आम्हाला त्याहून जास्त विचारात पाडलं ते दुसऱ्या एका नोंदीनं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत एल्सी विडोसन ही ब्रिटिश पोषणतज्ज्ञ दोन अनाथालयांतल्या मुलांची वजनं घेत होती. पहिले सहा महिने दोन्हीकडे सारखंच रेशन. नंतरचे सहा महिने एका ठिकाणी जादा पाव, जॅम आणि संत्र्याचा रस सुरू केला. अपेक्षा होती की तिथली मुलं बाळसं धरतील. झालं भलतंच. जादा खाणाऱ्या मुलांचं वजन कमी वाढलं, आणि जुन्याच रेशनवरची मुलं पुढे गेली. शोध घेतल्यावर कळलं की जादा अन्न सुरू झालं त्याच सुमाराला एक कडक अधीक्षिका दुसऱ्या अनाथालयातून या जादा अन्नाच्या अनाथालयात बदलून आली होती. ऐन जेवणाच्या वेळी ती एकेका मुलाला सगळ्यांदेखत झापायची. तोवर ताटातलं निवून जायचं आणि बाकीची मुलं थिजून बसायची. तिची काही लाडकी मुलं तिच्याबरोबरच आली होती. त्यांची वजनं मात्र छान वाढली. हा लेख 1951 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. आहारतज्ज्ञ बाई अन्न मोजायला गेली आणि तिच्या वहीत माणूस मोजलं गेलं.

बुडापेस्टमध्ये एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1946 मध्ये लोत्सी रस्त्यावर बालगृह सुरू केलं आणि तिथं नियमच घालून दिला. प्रत्येक मुलाची एक ठरलेली परिचारिका. अंगाला हात लावण्याआधी त्याला सांगायचं की आता मी तुझा हात उचलते आहे. मग त्याचा हात आपणहून थोडा हलेपर्यंत थांबायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याला स्पर्शानं सांगायचं, ज्याला दिसत नाही त्याला आवाजानं, हे आता कुठलाही चांगला फिजिओथेरपिस्ट शिकवतो. ज्या मुलाच्या अंगावर रोज नळ्या, सुया आणि पट्ट्या चालतात, त्याला पुढच्या क्षणी काय होणार हे आधी कळणं किती मोठी गोष्ट आहे, हे समजायला आपण स्वतः एकदा आजारी पडावं लागतं.

आणि मग रुमानिया. 1966 मध्ये तिथल्या सरकारनं गर्भपातावर बंदी घातली, आणि घरी सांभाळता न येणारी मुलं संस्थांमध्ये येत गेली. 1989 च्या डिसेंबरमध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांमध्ये होती. तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला त्यांची वर्गवारी व्हायची. अपंगत्व असलेल्यांवर 'सुधारणार नाहीत' असा शिक्का बसायचा आणि त्यांना लांबच्या वेगळ्या संस्थांत धाडलं जायचं. तिथं उपचार जवळजवळ नव्हतेच.

बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या एका अभ्यासात संस्थांमधली 136 मुलं घेतली. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून प्रशिक्षण दिलेल्या पालक कुटुंबांत पाठवलं. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं आणि माणसांशी जुळणारं नातं सरस ठरलं. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं तर फारच. संस्थांऐवजी कुटुंब, या धोरणामागे आज जगभर या अभ्यासाचा आधार दिला जातो. पण त्यात गंभीर अपंगत्व असलेली मुलं घेतलीच नव्हती. शास्त्रीय कारण समजण्यासारखं आहे, परिणाम संस्थेचा की आजाराचा हे वेगळं काढता आलं नसतं. तरी ही गोष्ट आम्हाला खुपते. ज्यांची जागा संस्थेतच असं सगळे गृहीत धरतात, नेमकी त्यांचीच नोंद त्या पुराव्यात नाही.

कायदा मात्र इथं मोघम नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा. त्याचं कलम 23 सांगतं की मुलाच्या अपंगत्वावरून त्याला आईबापांपासून तोडू नये. जवळच्या कुटुंबाला जमत नसेल तर नात्यातलं घर शोधावं, तेही नसेल तर समाजातलंच दुसरं घर. याला कारण आहे. अनाथालयांत राहणाऱ्या पुष्कळ मुलांचे आईवडील, निदान दोघांतलं एक जण, हयात असतं. शंट, फिटची औषधं आणि फिजिओथेरपी घराजवळ आणि परवडेल अशी मिळाली असती, तर यातली कित्येक मुलं इथवर आलीच नसती. इमारतीच्या कोनशिलेवर देणगीदाराचं नाव कोरता येतं. घरीच राहिलेल्या मुलाच्या औषधांच्या बिलावर कोरता येत नाही.

(दृश्य: एक वही. पानं उलटणारे हात.)

पण आज जी मुलं संस्थेत आहेत, त्यांना आजच जेवायचं आहे. म्हणून ही वही बघा. मावश्यांची पाळी बदलते तेव्हा ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. तापमान आणि औषधांचे छापील तक्ते वेगळे असतात. इथं काय लिहिलंय? "औषध चमच्यानं नको. सिरिंजनं, गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं." "फिट येण्याआधी उजवी मूठ आवळतो. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि गाडी." "हिला कमरेखाली काही कळत नाही. आंघोळीचं पाणी आपल्या कोपरानं बघा. लघवीची नळी दर चार तासांनी. रबरी हातमोजे अजिबात नकोत." ही मुलगी स्पायना बिफिडाची, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेली. अशा मुलांना लॅटेक्सची, म्हणजे रबराची ॲलर्जी होण्याचं प्रमाण बरंच असतं.

एका पानावर नुसतं एवढंच: "पंखा बंद केला की रडतो. पंखा बघत झोपतो."

ही वही चालते कारण तिच्यात लिहिणारी माणसं टिकली आहेत. जिथं पगार तुटपुंजा आणि पाळ्या लांबलचक, तिथं मावश्या दर काही महिन्यांनी बदलतात, आणि मुलाला पुन्हा नव्यानं ओळखावं लागतं. असं वारंवार झालं की काही मुलं येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडायला लागतात. पाहुण्यांना ते फार गोड वाटतं. फोटो निघतात. जाणकारांच्या लेखी ते काळजीचं लक्षण आहे, कारण अनोळखी आणि आपलं हा फरकच मुलाच्या मनात उरलेला नसतो. आठवडाभरासाठी मुलांना लळा लावायला येणाऱ्यांनी त्यापेक्षा कपडे धुवावेत, फाइली लावाव्यात, व्हीलचेअरचे नट आवळावेत. मावशीला त्या चाळीस मिनिटांसाठी मोकळं करावं.

(दृश्य: सामानाची एक पिशवी, व्हीलचेअर, उघडं दार.)

पुष्कळ देशांत अठराव्या वर्षी मूल कायद्यानं सज्ञान होतं आणि बालगृहाचा हक्क संपतो. सेरेब्रल पाल्सी संपत नाही. प्रौढांच्या संस्थेत किंवा एखाद्या घरी तो जातो तेव्हा बरोबर फाइल जाते, औषधं जातात. काही ठिकाणी आता मावशीही सोबत जातात, काही दिवस तिथंच राहतात, आणि नव्या माणसाला शेजारी बसवून भरवायला शिकवतात. पहिल्या दिवशी मावशी भरवतात आणि नवा माणूस बघतो. मग चमचा त्याच्या हातात, मावशींचा हात त्याच्या मनगटावर. मग मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. शेवटी दाराबाहेर. वाटी संपते की नाही, आणि त्या रात्री ताप येतो की नाही, यावरून त्यांनी परत निघायचं की नाही ते ठरतं.