बारीक माणसाला शुगर कशी होते? चरबी, आतली सूज आणि इन्सुलिन रेझिस्टन्स

स्क्रीनवर हा फोटो दिसतोय ना, तो आधी नीट बघा. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सेम, २२.३. पण मशीनवर अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! २००४ साली हा फोटो लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आला आणि दोघांची आडनावं इंग्रजीत वाय वरून सुरू होतात म्हणून त्याला वाय-वाय पॅरडॉक्स, म्हणजे वाय-वाय कोडं, असं नाव पडलं.

मी हा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला माझे मामा आठवले. हातपाय काडीसारखे, फक्त शर्टाखाली एक छोटी गोल ढेरी. चव्वेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली तर घरात सगळे म्हणाले रिपोर्ट चुकला असेल, एवढ्या बारीक माणसाला कुठे शुगर होते, आणि त्या नादात दीड-दोन वर्षं औषधच सुरू झालं नाही. आज त्यांच्या पायाला चटका बसला तरी त्यांना कळत नाही. म्हणून मला हा व्हिडिओ करायचाच होता.

तर आता मूळ मुद्दा. चरबी म्हणजे नुसतं साठवून ठेवलेलं तेल, असं बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही वाटायचं. मग १९९३ मध्ये बोस्टनला गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांच्या टीमने लठ्ठ उंदरांची चरबी तपासली, तर त्यात टीएनएफ-अल्फा नावाचं प्रोटीन भरपूर सापडलं. हे प्रोटीन म्हणजे आपल्या रोगप्रतिकारक पेशी इन्फेक्शनच्या वेळी सोडतात तो धोक्याचा भोंगा. इन्फेक्शन काहीच नाही आणि भोंगा चालूच! आणि त्यांनी त्या उंदरांमधलं टीएनएफ निकामी केलं तर इन्सुलिन पुन्हा चांगलं काम करायला लागलं. मग २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन टीम्सनी एकाच वेळी दाखवलं की लठ्ठपणात चरबीच्या आत मॅक्रोफेज नावाच्या पेशी येऊन बसतात आणि भोंगा मुख्यतः याच वाजवतात. पुढे हेही दिसलं की त्या मेलेल्या चरबीपेशीभोवती कोंडाळं करून तिची साफसफाई करत राहतात.

ही सूज म्हणजे पाय मुरगळल्यावर येते तशी लाल, दुखणारी सूज नाही बरं का. ही आत धुमसत राहते, राखेखालच्या निखाऱ्यासारखी, वर्षानुवर्षं, आणि माणसाला काहीही जाणवत नाही.

आता यात इन्सुलिनचं काय बिघडतं? जेवल्यावर रक्तात साखर वाढते, इन्सुलिन स्नायूच्या पेशीच्या दारात येऊन हाक मारतं, आणि दाराच्या आत आयआरएस-१ नावाचा एक निरोप्या असतो तो ही हाक आतपर्यंत पोचवतो, मग साखर आत घेणारी दारं उघडतात. सूज असली की त्या निरोप्यावर चुकीच्या जागी फॉस्फेट चिकटतं आणि निरोप अर्ध्या वाटेत अडकतो. इन्सुलिन आहे, हाक मारतंय, पण आत पोचतच नाही. याला म्हणायचं इन्सुलिन रेझिस्टन्स. मग स्वादुपिंड काय करतं, अजून जोरात हाक मारतं, म्हणजे अजून इन्सुलिन सोडतं, आणि वर्षानुवर्षं असं करून करून शेवटी ते थकतं. शुगर रिपोर्टमध्ये दिसते ती तेव्हा. म्हणजे रिपोर्ट बिघडायच्या कित्येक वर्षं आधी आत गडबड सुरू झालेली असते, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

गंमत म्हणजे या सगळ्याचा एक धागा फार जुना आहे. १८७६ मध्ये जर्मनीत एबस्टाइन नावाच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय की सोडियम सॅलिसिलेट दिल्यावर डायबेटीसच्या पेशंटच्या लघवीतली साखर कमी होते. सॅलिसिलेट म्हणजे ॲस्पिरिनच्या घराण्यातलं औषध, सुजेवरचं. का कमी होते ते कुणाला कळलं नाही आणि इन्सुलिन सापडल्यावर विषयच मागे पडला. सव्वाशे वर्षांनी, २००१ मध्ये, बोस्टनच्या जॉस्लिन डायबेटीस सेंटरमध्ये स्टीव्हन शोएल्सन यांच्या टीमने दाखवलं की हे औषध सुजेचं एक बटण बंद करतं, आयकेके-बीटा त्याचं नाव, आणि त्यामुळे लठ्ठ उंदरांमध्ये इन्सुलिनचा निरोप मोकळा होतो. मग माणसांवर याच घराण्यातल्या सॅलसालेटची मोठी ट्रायल झाली, ४८ आठवड्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.३७ टक्क्याने कमी राहिली. फरक खरा आहे पण छोटा आहे. हे ऐकून कृपया कोणी ॲस्पिरिन सुरू करू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हात जोडून सांगते.

आणि इथे मला तुम्हाला अर्धवट गोष्ट सांगायची नाहीये. उंदरांत जे झकास जमलं ते माणसांत तसं जमलं नाही. १९९६ मध्येच टीएनएफ अडवणारं औषध माणसांना देऊन बघितलं, इन्सुलिन रेझिस्टन्स हलला नाही. २०१७ मध्ये कॅन्टोस नावाची ट्रायल आली, १० हजारांवर हृदयविकाराचे पेशंट, त्यांना सूज कमी करणारं एक महागडं इंजेक्शन, त्याने हार्ट अटॅक कमी झाले, पण नव्याने डायबेटीस होणं काही थांबलं नाही. अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीचे जेराल्ड शुलमन तर बरीच वर्षं सांगतायत की मूळ दोष सुजेचा नाही, लिव्हर आणि स्नायूंच्या पेशींत जी चरबी शिरते तीच इन्सुलिनचा निरोप अडवते. मला स्वतःला वाटतं की या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालतात, पण सुरुवात चरबी चुकीच्या जागी जाण्यातून होते.

असं का वाटतं ते सांगते. काही लोकांना जन्मतःच त्वचेखाली चरबी साठवताच येत नाही, लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात त्याला. अंगावर चरबीच नाही म्हणजे हे लोक एकदम ठणठणीत असायला हवेत ना? उलट त्यांना भयंकर इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, कारण साठवायला जागा नाही म्हणून ती चरबी लिव्हरमध्ये जाते. आणि याच्या बरोब्बर उलटा प्रयोग २००४ चा, अमेरिकेत सॅम्युएल क्लाइन यांनी १५ लठ्ठ बायकांची लायपोसक्शनने त्वचेखालची चरबी काढली, सरासरी ९-१० किलो! १०-१२ आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिन रेझिस्टन्स तसाच, सूज दाखवणाऱ्या टेस्ट तशाच. वजन काट्यावर इतकं कमी होऊनही आत काहीच बदललं नाही. त्वचेखालची चरबी ही खरं तर आपली कणगी आहे. कणगी लहान असली की धान्य लवकर घरभर सांडतं.

आणि आपल्या लोकांची कणगी लहान आहे. हे पुण्यातच दिसून आलं. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला, त्यात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. एवढीशी बाळं, स्नायू कमी, पण पाठीवरच्या चरबीची घडी त्या मानाने टिकून. बारीक पण चरबीवाली बाळं. आणि केईएममध्ये जन्मलेल्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त होतं. म्हणजे ही गोष्ट चाळिशीत वडापाव खाऊन सुरू होत नाही, ती आईच्या पोटात सुरू होते. मुलगी गरोदर असताना तिच्या ताटात काय पडतं, तिचं बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन तपासलंय का, हा शुगरचाच विषय आहे आणि आपल्याकडे सुनेच्या ताटाकडे सगळ्यात शेवटी बघितलं जातं याचा मला मनापासून राग येतो.

बरं, मग करायचं काय. वजनकाट्याबरोबर शिवणाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास नेहमीसारखा सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० च्या वर म्हणजे तपासणी करून घ्यायची. मानेवर मखमलीसारखा जाडसर काळेपणा आलाय आणि घासून जात नाहीये, तर तो मळ नाही, बऱ्याचदा ती इन्सुलिन वाढल्याची खूण असते, मुलांच्या मानेवर तो दिसला तर त्यांना घासून घासून आंघोळ घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि हे उलटवता येतं, यासाठी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांचं काम बघा. डायरेक्ट नावाच्या ट्रायलमध्ये, सहा वर्षांच्या आतला डायबेटीस असलेले पेशंट, वजन उतरवलं आणि वर्षाने ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय डायबेटीसच्या रेषेखाली! पण मला जास्त आवडतो तो त्यांचा नंतरचा छोटा अभ्यास, २० जण, सगळे बीएमआय २७ च्या आत म्हणजे फार जाड कोणीच नाही, त्यांनी वजन टप्प्याटप्प्याने कमी केलं तर १४ जणांचा डायबेटीस रेमिशनमध्ये गेला, म्हणजे औषधाशिवाय शुगर त्या रेषेखाली राहिली. लिव्हरमधली चरबी उतरली. म्हणजे बारीक माणसालाही आतून उतरवण्यासारखं काहीतरी असतं. फक्त गोळ्या चालू असताना हे स्वतःच्या मनाने करू नका, शुगर एकदम खाली येऊ शकते. आणि जेवण झाल्यावर लगेच सोफ्यावर न बसता चालायला जा, स्नायू हलले की ते इन्सुलिनच्या हाकेची वाट न बघता साखर आत घेतात.

मागच्या रविवारी मामांकडे गेले होते, टेप पर्समध्येच होती. मामांचा मुलगा एकोणतीस वर्षांचा, वजन ६४, जिममध्ये कधी पाय नाही, म्हणाला ताई माझं कशाला मोजतेस, मी तर बारीक आहे. ९३ आलं. मामी काही बोलल्या नाहीत, नुसत्या मामांच्या पायांकडे बघत राहिल्या. उद्या सकाळी तो उपाशीपोटी रक्त द्यायला जाणार आहे, मी त्याच्याबरोबर जातेय.