शिकस्त

नमस्कार मंडळी.

आज मला माझ्या मैत्रिणीबद्दल बोलायचं आहे. ती तेहरानची, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमची ओळख झाली ती मी एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला लागले तेव्हा.

त्याआधी चोवीस वर्षं मी इंग्लंडमध्ये होते. गाडी ह्यांनी चालवायची आणि मी शेजारी बसायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं. एका संध्याकाळी पार्किंगमध्ये ह्यांनी मला समोरच्या गाडीचा नंबर विचारला. मी वाचून दाखवला. या देशात गाडी चालवायची तर २० मीटरवरून नंबरप्लेट वाचता यावी लागते. आम्ही दोघांनी तिथेच पावलं मोजली, आणि ह्यांना सातातली तीन अक्षरंसुद्धा धड लागेनात. पुढे तपासण्या झाल्या, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला, परवाना परत गेला. किल्ली ह्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आता तू शीक."

मी शिक्षिका शोधली. मोठ्या वयाच्या बायकांना शिकवतात, एवढंच ऐकलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी काचेवरचा, अधिकृत शिक्षकाचा हिरवा बिल्ला दाखवला आणि सांगितलं, माझ्या पायाशीही क्लच आणि ब्रेक आहे, तेव्हा तुला घाबरायचं कारण नाही. हाक कशी मारायची ते मला सुचेना. नुसत्या नावाने मारवत नव्हती. शेवटी म्हटलं, आमच्या शाळेत आम्ही शिक्षिकेला 'बाई' म्हणायचो, चालेल का? त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला तसा म्हणाल्या, म्हणजे आमचं 'खानुम'. तेव्हापासून त्या बाई आणि मी खानुम.

बाई कडक होत्या. आरशात न बघता इंडिकेटर दिला तर गाडी बाजूला घ्यायला लावायच्या आणि सगळं पहिल्यापासून करायला सांगायच्या. पन्नाशीनंतर आपल्या चुका तोंडावर कुणी सांगत नाही. मुलं सांभाळून घेतात, नवरा गप्प बसतो. बाई सांगायच्या, आणि चूक सुधारली की 'शाबाश' म्हणायच्या.

मी चमकले. म्हटलं, हा आमचा शब्द. त्या म्हणाल्या, छे, आमचा. 'शाद बाश', आनंदी राहा.

मग लाल दिव्याचा खेळ सुरू झाला. सिग्नलला थांबलं की एकीने एक शब्द सांगायचा. पूल म्हणजे 'पोल'. जमीन तीच. दरवाजा जवळजवळ तोच. 'हप्ता' म्हणजे त्यांच्याकडे आठवडा आणि आपल्याकडे कर्जाचा वा भिशीचा. इंजिनाचा आवाज ऐकून क्लच सोडायला शिकवत होत्या तेव्हा मी 'आवाज' म्हटलं, तर त्यांच्या भाषेत आवाज म्हणजे गाणं. मी गाडी पुढे घेताना घाई केली की त्या 'आहेस्ते, आहेस्ते' म्हणायच्या. माझी आजी दूध ओतताना 'आस्ते, आस्ते' म्हणायची ते मला आठवायचं. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातले फारसी शब्द जाऊन संस्कृत शब्द यावेत म्हणून. ते काम मोठंच होतं. पण जिभेवरचे शब्द जिभेवर राहिले, आणि त्यांच्यामुळे मला इथे माणूस सापडलं.

तुम्हाला खरं सांगते, चोवीस वर्षांत मी या देशात आपल्या लोकांबाहेर एकाही घरी निवांत बसले नव्हते. शेजाऱ्यांशी हवापाण्याचं बोलायचं आणि दार लावून घ्यायचं. वाटायचं, आता या वयात नवीन मैत्री कुठली? गाडीत मात्र दोघींनाही समोर बघावं लागतं. एकमेकींच्या चेहऱ्याकडे बघायचं नसलं की अवघड गोष्टी बोलता येतात. ह्यांच्या डोळ्यांची मला वाटणारी भीती मी पहिल्यांदा तिथे बोलले, तिसऱ्या गियरमध्ये, रस्त्यावरची नजर न काढता. आणि बाईंनी सांगितलं की इराण-इराक युद्ध चालू असताना त्या इकडे आल्या. तेहरानमध्ये गाडी येत होती, पण तिथे वाहतूक उजवीकडून आणि स्टिअरिंग डावीकडे. इथे आल्यावर त्यांचा उजवा हात गियर शोधायचा आणि दारावर आपटायचा. तुझे डोळे लहानपणापासून डावीकडूनच वाहतूक बघत आलेत, म्हणायच्या, तुझं निम्मं काम झालंय. मला तोवर वाटत होतं की मला काहीच येत नाही.

लेखी परीक्षा मी पास झाले, ५० पैकी ४३ लागतात, अभ्यासाने जमलं. प्रत्यक्ष टेस्ट साधारण ४० मिनिटांची. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, गंभीर एकही चालत नाही. माझ्या किरकोळ सहा झाल्या आणि गंभीर एक: राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, उजवीकडून येणाऱ्या गाडीला मी वाट दिली नाही. पुढची टेस्ट द्यायची तर मध्ये कामकाजाचे दहा दिवस जावे लागतात.

परतताना बाई स्वतः गाडी चालवत होत्या. मी रडत होते. सिग्नल लागला. त्या हळूच म्हणाल्या, "शेकस्त." हार. शेकस्तन म्हणजे मोडणं, त्यातला तो शब्द. मी डोळे पुसले आणि म्हटलं, बाई, हा आमच्याकडेही आहे, पण आम्ही 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणतो, म्हणजे करता येईल तेवढं सगळं केलं. त्यांनी मला दोनदा ते वाक्य म्हणायला लावलं. दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पुढे गाडी बाजूला घेऊन त्यांनी वहीत ते लिहून घेतलं, उजवीकडून डावीकडे.

मग म्हणाल्या, इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आमच्याकडे 'शोमा' आणि 'तो' असे दोन आहेत. मी म्हटलं, आमच्याकडे 'तुम्ही' आणि 'तू'. त्यांनी विचारलं, मनात मला काय म्हणतेस? मी खरं ते सांगितलं, तुम्ही. त्या म्हणाल्या, "आजपासून तू."

म्हणून या पुढे मी तिला 'ती' म्हणणार आहे.

दुसऱ्या वेळी मी पास झाले. तिचे तास संपले, शनिवारची दुपार मात्र संपली नाही. ती ह्यांना मोठ्याने फारसी कविता वाचून दाखवते. ह्यांना त्यातलं बरंच कळत नाही, पण ओळखीचा शब्द आला की ते बोट वर करतात. वहीत आता एकशे बारा शब्द झालेत.

आपल्या मंडळात अशा बऱ्याच जणी आहेत, ज्या कार्यक्रम रंगात आला की घड्याळ बघतात, कारण न्यायला येणारा बाहेर थांबलेला असतो. त्यांना मला मनापासून सांगायचंय, शिका. वय आड येत नाही. वेळ जास्त लागतो, तो लागू द्या.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं स्विंडनला गेलो, तिथला मॅजिक राउंडअबाउट बघायला. १९७२ पासून तो तिथे आहे. पाच छोटे राउंडअबाउट एका मधल्याभोवती, आणि आतल्या वर्तुळात वाहतूक उलट्या दिशेने फिरते. ज्या चुकीने मी नापास झाले, तिची पाचपट परीक्षा. हे मागे बसले होते. ती माझ्या शेजारी, आमच्या गाडीत, जिथे तिच्या पायाशी ब्रेक नाही.

पांढऱ्या रेषेशी मी थांबले. उजवीकडे बघितलं. तिने हात मांडीवर ठेवले आणि ह मधून गाळून, माझ्या आजीसारखं म्हणाली, "आस्ते, आस्ते."

मी क्लच सोडला.