विमानातून न्यायचा बीसीडी: काट्यावरचं वजन आणि पाण्यातलं वजन

(बैठकीची खोली. हातात सामान तोलायचा हुकचा काटा, त्याला जॅकेट लटकवलेलं.)

हा काटा बघा. 4 किलो 200 ग्रॅम. हे माझं पहिलं जॅकेट. ज्याला आपण डायव्हर लोक बीसीडी म्हणतो, ते. टाकी पाठीवर धरून ठेवायची, आत हवा भरायची-सोडायची आणि हव्या त्या खोलीवर पाण्यात स्थिर राहायचं, हे त्याचं काम.

आता धरून चाला की पुण्यातून अंदमानला निघालोय. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक वेळा 15 किलो सामान देता येतं. रिकामी बॅग 3 किलो, फिन्स आणि बूट मिळून 3, वेटसूट 2, आणि हे 4.2. झाले 12 किलो 200. आठवडाभराचे कपडे, टॉवेल, औषधं, सगळं उरलेल्या पावणेतीन किलोत बसवायचं. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र, आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर मी केबिन बॅगेत ठेवतो, ते कधीच खाली देत नाही. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्याही तिथेच.

नमस्कार मंडळी. बऱ्याच जणांनी विचारलं की प्रवासासाठी हलका बीसीडी कोणता घ्यावा. आधी एक मनापासून सांगतो. तुमचे वीस-पंचवीस डाइव्ह झाले नसतील तर अजून काहीच घेऊ नका. भाड्याचं जॅकेट वापरा, वेगवेगळी वापरून बघा. खांद्यात कुठे काचतं, पाण्यात पाय खाली जातात की वर येतात, हे कळल्याशिवाय घेतलेली वस्तू माळ्यावर जाऊन पडते.

ज्यांचे तेवढे झालेत, त्यांच्यासाठी आता मुद्द्याचं. दुकानात सगळे बीसीडी उचलून बघतात. हातात हलका लागला की खूश. पण हातातलं वजन ही अर्धीच गोष्ट आहे. तो पाण्यात किती तरंगतो हे कोणी विचारत नाही.

(जॅकेटची पाठ कॅमेऱ्यासमोर दाबून)

ही गादी बघा, किती मऊ आहे. आत फोम आहे, फोममध्ये हवा आहे, आणि हवा तरंगते. हे जॅकेट पूर्ण रिकामं करून, पिळून काढून पाण्यात सोडलं तरी बुडत नाही. ते बुडवायलाच मला जवळपास 1 किलो जास्तीचं शिसं लावावं लागायचं. म्हणजे विमानात मी 4.2 किलो नेत होतो, आणि बोटीवर गेल्यावर त्याच्यापायी आणखी एक किलो कंबरेला बांधत होतो.

म्हणून मी बॅकप्लेट आणि विंगकडे वळलो. एक धातूची पाटी, तिच्यातून ओवलेला सलग 2 इंची पट्टा, आणि पाटीमागे हवेची पिशवी. फोम नाही, खिसे नाहीत. पाटी दोन प्रकारची मिळते, स्टीलची आणि ॲल्युमिनियमची. स्टीलची साधारण 2.7 किलो भरते, पाण्यात तिचं वजन 2.3 किलोच्या आसपास. पुष्कळ अनुभवी लोक तिचं कौतुक करतात, की तेवढं शिसं वाचतं. खरंय. पण कुठे वाचतं? शिसं तर डाइव्ह सेंटर देतं, तुमच्या बॅगेत ते कधी नसतंच. ते वाचवायला 2.7 किलो पुण्यापासून वाहून नेण्यात काही अर्थ नाही. मालवणला गाडीने जाणार असाल, डिकी मोकळी असेल, तर स्टीलची पाटी खुशाल घ्या. विमानाला ॲल्युमिनियमची.

(नवा संच काट्याला लावून)

3 किलो. पाटी 900 ग्रॅम, बाकी विंग, पट्टा, बकल्स आणि टाकी आवळायचे दोन पट्टे. तुम्ही म्हणाल, फरक फक्त 1.2 किलोचा? काट्यावर एवढाच. पण फोमचं ते एक किलो शिसं गेलं, आणि पाटी स्वतः पाण्यात अर्धा किलो भरते, तेवढंही गेलं. कंबरेचं दीड किलो उतरलं. ज्यांची कंबर दुखते त्यांनी बोटीच्या शिडीवरून वर चढताना ते दीड किलो आठवून बघावं.

यापेक्षा हलकं हवं असेल तर पाटीच्या जागी कापडी पाठ असलेले संच येतात. दोन-सव्वादोन किलोत काम होतं आणि घडी होते. फार छान वस्तू आहे, फक्त टाकी पाठीवर डुगडुगत नाही ना, ते पाण्यात घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. माझी डुगडुगली, म्हणून मी पाटीवर राहिलो. बारीक अंगाच्या माझ्या एका मैत्रिणीला मात्र पाटी मणक्याला टोचायची, ती कापडी पाठीवर सुखात आहे.

आता पिशवी किती मोठी हवी? इथे लोक सर्वांत जास्त फसतात, कारण जास्त लिफ्ट, म्हणजे पिशवीची वर उचलायची ताकद, म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटतं. आपण हिशेब करू. एक लिटर हवा समुद्राच्या पाण्यात ढोबळमानाने एक किलो उचलते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जी टाकी मिळते, ती ॲल्युमिनियमची, 11 लिटरची, जिला सगळे एटी म्हणतात. पूर्ण भरली की तिच्यातल्या नुसत्या हवेचं वजन अडीच किलोच्या वर असतं. भरलेली टाकी पाण्यात किंचित बुडते, आणि संपत आली की दीड-दोन किलोने वर ओढायला लागते. म्हणून शिसं लावायचं ते शेवटचं बघून. टाकीत 50 बार दाबाची हवा उरलीय, तुम्ही 5 मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या थांब्यावर आहात, पिशवीत हवा नाही, आणि तरी वर जात नाही. एवढंच शिसं, त्यावर एकही तुकडा नको.

म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला तुम्ही हवेच्या वजनाइतके, अडीच किलोने जड असणार. त्यात 3 मिलिमीटरचा वेटसूट खाली गेल्यावर चेपतो. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, सुटातले बुडबुडे निम्मे होतात. त्याचा धरा दीड किलो. झाले चार. उद्या कंबरेचं शिसं पट्ट्यावरच अडकवून सगळा संच पाण्यात सोडायची वेळ आली तर तो तरंगायला हवा, त्यासाठी आणखी धरा तीन-चार. सात-आठ किलो. उष्ण पाण्यात, एका टाकीला, 12-13 किलो उचलणारी विंग भरपूर झाली. वीस किलोची घेतलीत तर ती टाकीच्या दोन्ही बाजूंनी वर गुंडाळते, हवा तिच्या घडीत अडकून बसते, आणि डंप व्हॉल्व्ह, म्हणजे हवा सोडायची झडप, दोरीने ओढली तरी बाहेर येत नाही. ते मी एकदा 6 मीटरवर अनुभवलंय. हात वर करून दोरी ओढतोय आणि शरीर मात्र वर चाललंय. फार घाबरलो होतो.

विंगची एक अडचण खरी आहे. पृष्ठभागावर आल्यावर ती तोंडावर पाडायला बघते, जॅकेट कसं सरळ उभं धरतं तसं ती धरत नाही. उपाय सोपा: गच्च फुगवू नका, थोडं मागे रेला, आणि दोन किलो शिसं टाकीच्या पट्ट्यावर मागे लावा. पण सगळं मागे लावू नका. काही वजन एका हाताने सोडता आलंच पाहिजे. आणि कंबरेला वेट बेल्ट बांधत असाल तर तो मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्याच्या वरून बांधा. आतून बांधलात तर बकल सोडलं तरी तो खाली पडणार नाही, पट्ट्यात अडकून राहील. बडीला, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराला, हे दरवेळी तपासायला सांगा.

(डी-रिंग जवळून)

हा तपकिरी डाग दिसतोय? पट्टा आणि रिंगा इथूनच जमवू म्हणून मी आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत फिरलो. चुंबक नेला होता, चिकटला नाही, मी समजलो उत्तम स्टील. चार दिवस समुद्रात घातले आणि ही रिंग गंजली. चुंबक 304 नंबरच्या स्टीललाही सहसा चिकटत नाही आणि 316 लाही नाही, आणि खाऱ्या पाण्याला 316 लागतं. धातूच्या वस्तू डायव्हिंगच्याच घ्या. काटकसर दुसरीकडे करू.

परतीचं वजन कोणी मोजत नाही. फोम पाणी धरून ठेवतो. माझं ते 4.2 चं जॅकेट परतीला 5 च्या वर भरायचं, विमानतळावर बॅग उघडून ओले कपडे अंगावर चढवायची वेळ आली होती. विंगचं कापड एका रात्रीत वाळतं, आणि ती रात्र तुमच्याकडे असतेच. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेची शिफारस आहे की अनेक दिवस डाइव्ह केले असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नये. तेवढ्या वेळात पिशवी आतून गोड्या पाण्याने खळबळून, उलटी धरून खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी काढायचं, अर्धी फुगवून सावलीत टांगायची. आत मीठ राहिलं की त्याचे खडे होतात.

मालवणवाल्यांनो, तुम्हीही ऐका. ती शिफारस 2000 फुटांपासून वरच्या केबिन उंचीसाठी, म्हणजे विमानाच्या आत हवेचा दाब जितक्या उंचीवरच्या इतका असतो त्या उंचीसाठी आहे, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून 690 मीटरवर, म्हणजे सव्वादोन हजार फुटांवर आहे. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढून पुण्याला यायची घाई करू नका. मुक्काम करा, मासे खा, सकाळी उशिरा निघा.

आणि पाण्यात जायच्या आधी इन्फ्लेटरचा, म्हणजे टाकीतून पिशवीत हवा भरायच्या बटणाचा, पाइप एका हाताने काढायचा सराव करा, हातमोजे घालून, डोळे मिटून. बटण अडकलं आणि हवा आपोआप भरत राहिली तर आधी पाइप ओढून काढायचा आणि त्याच वेळी हवा सोडायची. त्या क्षणी बघून शोधायला वेळ नसतो.

राहिली गळती. विंग तोंडाने गच्च फुगवा, रात्रभर पलंगावर ठेवा, सकाळी दाबून बघा. मऊ पडली असेल तर बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते शोधा, बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या वॉशरपाशी सापडतात. फक्त हे निघायच्या आदल्या रात्री करू नका. तो वॉशर पुण्यात सहज मिळत नाही, मागवायला लागतो. पंधरा दिवस आधी फुगवा.