तुला टोचतं कोण?

मराठवाड्यात नशेचा विषय निघाला की बोलणं 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्यांवर आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांवर येऊन थांबतं. सुईवर कुणी बोलत नाही. सुई घेणारा पोरगा ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरतो, आणि घरात कुणी विचारत नाही.

इंजेक्शनने नशा करणारे देशात साधारण साडेआठ लाख, असा 2019 च्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज. त्यांत विशीतली पोरं आहेत, पन्नाशीला टेकलेली माणसंही. धोका दोघांनाही आहे, पण एकसारखा नाही.

विशीतल्याला स्वतःची शीर सापडत नाही. त्याला टोचतो दुसरा कुणीतरी, बहुधा वयाने मोठा. तो आधी स्वतः घेतो, मग उरलेलं याला. सिरिंज तीच. मधल्या वेळात ती पाण्याच्या बाटलीच्या झाकणात बुडवून दोनदा ओढली-सोडली जाते. झाकणातलं पाणी गुलाबी होतं आणि पोराला वाटतं, धुतली. हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा विषाणू; त्याला तेवढं रक्त पुरतं. सुईतून, त्या पाण्यातून, नशेचं औषध गाळायच्या कापसातूनही तो पसरतो. वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे टिकू शकतो. म्हणून सुईची सवय लागल्यानंतरची पहिली काही वर्षं फार घातक.

हा पोरगा तपासणीला येत नाही, कारण तो स्वतःला नशेडी समजतच नाही. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेत उतरलेला रक्तदाब वर आणायचं औषध. व्यायामात दम टिकावा म्हणून ते टोचून घेणाऱ्याला तर एचआयव्हीशी आपला संबंध काय, असंच वाटतं.

चाळिशी ओलांडलेल्याचं निराळं. त्याच्या हाताच्या शिरा संपल्यात, तो जांघेत टोचतो. शिरेला लागूनच तिथे धमनी. गळू होतं, पाय सुजतो. जुना संसर्ग आतून लिव्हर पोखरतो. तरी दवाखाना नको वाटतो, कारण मागे रांगेत सगळ्यांदेखत बोलणी खाल्लेली असतात. 'दुसऱ्याची सुई वापरू नका' हे त्याला पाठ आहे. त्याला ड्रेसिंग हवं, लिव्हरची तपासणी हवी. अफूवर्गीय नशा असेल तर तलफ आवरणारी, जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी हवी.

पोराला हवी कोरी सुई. ती देणं म्हणजे नशेला उत्तेजन, असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्हाला ते साफ अमान्य आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने या कामाला संरक्षण दिलंय. संमतीशिवाय तपासणी नाही, नाव उघड करणं नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

जिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत होते. हिपॅटायटिस सीचे उपचारही 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत. बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात.

समुपदेशकाने पोराला 'दुसऱ्याची सुई घेतोस का?' विचारलं, तर उत्तर 'नाही' येणार. त्याच्या लेखी ती धुतलेली असते. 'तुला टोचतं कोण?' असं विचारावं. त्या माणसालाही बोलवावं आणि आधी त्याचे उपचार सुरू करावेत. त्याच्या रक्तातला हिपॅटायटिस सीचा विषाणू गेला, तर त्याच्याकडून पुढच्या पोरापर्यंत तो पोचतच नाही.