बेल कोणी वाजवायची?

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरच्या धरमपेठेतलं एक कुटुंब महिनाभर जर्मनीतल्या श्टुटगार्टला जातं, तिथलं कुटुंब त्याच महिन्यात धरमपेठेत येऊन राहतं, आणि भाडं कोणीच कोणाला देत नाही. याला म्हणतात होम एक्स्चेंज, घरांची अदलाबदल. किल्ली, वायफायचा पासवर्ड, विमा, सगळ्यांची चौकशी आधी होते. राहते ती शेजाऱ्यांची. आणि परक्या घरातले पहिले चार दिवस कसे जाणार, हे त्यांच्यावरच ठरतं.

नागपुरात नवं कोणी राहायला आलं की शेजारच्या काकू स्वतःहून चहाला बोलवायला येतात. जर्मनीत बहुतेकदा उलटं असतं. नव्यानं आलेल्यानं जाऊन बेल वाजवायची. हे ठाऊक नसलं की आपली माणसं आठवडाभर घरात वाट बघतात आणि ‘फार तुसडे लोक’ म्हणून मोकळी होतात. पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास जावं. तिकडे बेलवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं. म्हणून घरमालकाकडून मजल्यावार आडनावं लिहून घ्यावीत. नाव सांगायचं, कोणाच्या घरी उतरलो ते सांगायचं, कोणत्या तारखेपर्यंत आहोत तेही. दोन मिनिटं पुरेत. आत बोलावलं नाही तर तो अपमान नव्हे. घरमालकानं मात्र आधीच शेजाऱ्यांच्या कानावर घातलेलं हवं, नाहीतर अनोळखी माणसं कुलूप उघडताना दिसली की शेजारी पोलिसांना फोन करायचे.

हातात काय न्यावं? संत्री नेऊ नका. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण युरोपीय संघात ताजी फळं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांनाच. दुधाच्या पदार्थांनाही मनाई आहे, त्यामुळे खव्याची बर्फी विमानतळावर अडकू शकते. तिळाची वडी किंवा शेंगदाण्याची चिक्की बरी. त्यात काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या. शेंगदाण्याची ॲलर्जी तिकडे फार गांभीर्यानं घेतात.

श्टुटगार्टकडे ‘केअरवोखे’ नावाची एक पद्धत आहे. जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्याप्रमाणे फिरते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. मालक परदेशी गेला म्हणून पाळी टळत नाही, ती पाहुण्याकडे येते. पाटी शोभेची समजून तशीच राहू दिली की शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्याच समजा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता हवी. रविवारी दिवसभर हवी, ड्रिल तर चालवायचंच नाही. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा रंगांप्रमाणे वेगळ्या पेट्यांत टाकतात, पण रात्री आणि रविवारी नाही, कारण खळखळाट होतो. ज्या बाटल्या-डब्यांवर डिपॉझिट असतं, त्या दुकानातल्या यंत्रात परत करायच्या. एकदाच वापरायच्या बाटलीचे 25 सेंट परत मिळतात.

आणि फोडणी! तिथल्या घरांत धुराचे अलार्म सक्तीचे आहेत. लाल मिरची तेलात पडली, खिडकी बंद असली, की छतावरचं यंत्र किंचाळायला लागतं. शेजाऱ्यांची पहिली ओळख त्या निमित्तानं नको. खिडकी आधी उघडा, तेल मंद आचेवर तापवा, मिरची शेवटी टाका. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. निघण्यापूर्वी कुकरच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तरच सामानात घ्या.

आता इकडची बाजू. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरावी लागते, आणि ती जबाबदारी घरमालकाची. पोर्टलवरचं खातं निघण्यापूर्वीच उघडून ठेवा. सोसायटीचे सेक्रेटरी आणि चौकीदार यांना पाहुण्यांची नावं द्या. नळ कधी येतो, मोटर किती मिनिटांत बंद करायची, हे एका शेजाऱ्याला सांगून ठेवा. टाकी वाहायला लागली की पाहुण्याला काही सुचत नाही. बोलावणं शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं असू द्या. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि कूलरमध्ये पाणी भरणं हे परक्याला शिकवायचं काम नव्हे.

काकूंनाही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पोह्यांवर तर्री ओतू नका, वाटीत वेगळी द्या. पाहुणा ‘नको’ म्हणाला की त्याला खरंच नको असतं. आग्रहानं वाढलेलं तो संकोचानं संपवतो आणि रात्रभर जागतो. आणि डबा रिकामा परत आला तर मनाला लावून घेऊ नका. डब्यात काहीतरी घालूनच तो परत करायचा ही आपली रीत, त्यांना ती ठाऊक नसते. तो घासूनपुसून आणून देतील, तेही बेल वाजवून.

नमस्कार.